मुळशीत ५जी आलंय, मग ताम्हिणीत रेंज का जाते?

केंद्र सरकारने २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या आकड्यांनुसार देशातल्या ९९.६ टक्के जिल्ह्यांत ५जी पोहोचलंय आणि त्यासाठी ४.६९ लाख ५जी बेस स्टेशन बसवली गेलीत. पुणे जिल्हा अर्थातच त्यात आहे. पुणे शहरात जिओचं ५जी २३ नोव्हेंबर २०२२ लाच सुरू झालं होतं.

आता ‘जिल्ह्यात ५जी आहे’ या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे तपासायला मुळशी तालुक्याइतकी चांगली जागा नाही. हिंजवडी आणि माण ही गावं, म्हणजे आख्खं आयटी पार्क, मुळशी तालुक्यात येतं. आणि चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत पुढे गेलं की लागणारा मुळशीचा तलाव आणि ताम्हिणीचा घाटमाथा, हेसुद्धा मुळशीच. एका टोकाला काचेच्या इमारती आणि खिशात दोन-दोन सिम असलेले हजारो लोक, दुसऱ्या टोकाला डोंगर, पाणी, विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात येणारी गर्दी. तालुका एक, पण रेडिओ लहरींच्या दृष्टीने दोन वेगळे देश.

जाहिरातीत आपल्याला सांगतात की नव्या टॉवरवर ६४ अँटेना आहेत, म्हणून वेग जास्त. हे खरंय, पण अर्धंच. जास्त अँटेनांचा फायदा दोन प्रकारे घेता येतो: वेग वाढवायला किंवा खात्री वाढवायला. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, हे गणिताने सिद्ध झालंय. हिंजवडीला वेग हवाय आणि ताम्हिणीला खात्री. आणि आपल्याकडे मोजमाप, जाहिरात, बढाई सगळं वेगाचं चालतं. हे का आणि कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

शॅननने घालून दिलेली हद्द

१९४८ साली बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने एक सूत्र दिलं. कुठल्याही वायरलेस दुव्यावरून चूक न होता जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो, ते दोन गोष्टींवर ठरतं. एक, तुमच्याकडे फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद आहे. दोन, सिग्नल हा नॉइजच्या किती पट आहे. नॉइज म्हणजे मागचा कलकलाट. जत्रेत मित्राला हाक मारताना तुमच्या आवाजापेक्षा आजूबाजूचा गोंगाट किती मोठा आहे, तसं.

यात गोम अशी की पट्टा दुप्पट केला (आणि सिग्नल-नॉइजचं प्रमाण तेवढंच राहिलं) तर वेग दुप्पट होतो, पण पॉवर दुप्पट केली तर होत नाही. उदाहरण घ्या. २० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि सिग्नल नॉइजच्या १०० पट आहे. शॅननच्या सूत्राने कमाल वेग येतो १३३ एमबीपीएस. तो २६६ करायचा असेल आणि पट्टा तोच ठेवायचा असेल, तर पॉवर जवळजवळ १०० पट वाढवावी लागेल. हे परवडणारं नाही. पट्टा वाढवायचा तर तो सरकारच्या लिलावात विकत घ्यावा लागतो. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या, यावरून त्याची किंमत कळते.

म्हणजे पट्टा महाग, पॉवर निरुपयोगी. मग आपला वेग वाढला कुठून?

रेंज तीन कारणांनी जाते

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण ‘रेंज गेली’ म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, अंतर. टॉवर लांब आहे.

दुसरी, आडोसा. मध्ये डोंगर आहे. तुम्ही डोंगराच्या सावलीत उभे आहात. शंभर पावलं चाललात तरी फरक पडेलच असं नाही.

तिसरी गंमतशीर आहे. टॉवरपासून निघालेली लहर तुमच्यापर्यंत एकाच वाटेने येत नाही. थोडी सरळ येते, थोडी समोरच्या कातळावर आपटून, थोडी पाण्यावरून, थोडी इमारतीवरून. या सगळ्या लहरी तुमच्या अँटेनापाशी एकत्र येतात. दोन लहरींच्या प्रवासात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसतो आणि दोघी एकमेकींना खातात. फोन वीतभर सरकवला की पुन्हा सिग्नल येतो. याला म्हणतात फेडिंग. गच्चीच्या एका ठरावीक कोपऱ्यातच फोन लागतो, हा अनुभव आडोसा आणि फेडिंग या दोघांच्या मिश्रणातून येतो.

कितीतरी वर्षं इंजिनीअर फेडिंगला शत्रू समजत होते. १९९० च्या दशकात लक्षात आलं की हाच शत्रू कामाला लावता येतो.

पुण्याशी नातं असलेली कल्पना

या कल्पनेच्या मुळाशी असलेल्या दोन माणसांचं आपल्या भागाशी नातं आहे. थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, १९५६ साली पदवी घेऊन अमेरिकेत गेले. आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे. खडकवासल्याच्या एनडीएमधून ते नौदलात गेले आणि इंजिनीअरिंगची पदवी त्यांनी मुळशीच्या शेजारच्या मावळात, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात घेतली. नौदलात त्यांनी पाणबुड्या शोधणारी सोनार यंत्रणा उभी केली. पुढे दोघं स्टॅनफर्डमध्ये एकत्र आले. १९९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. एकच मोठा डेटाप्रवाह छोट्या प्रवाहांत तोडायचा, ते एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या जागांवरून एकदम सोडायचे, आणि अनेक अँटेना असलेल्या रिसीव्हरने ते पुन्हा वेगळे करायचे. यालाच आज मायमो म्हणतात. पॉलराज यांना २०१४ चं मार्कोनी पारितोषिक याच कामासाठी मिळालं.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चार जण एकदम बोलले तर गोंधळ होणार नाही का? दहावीतली एकसामयिक समीकरणं आठवा. चार अज्ञात संख्या आणि चार समीकरणं असतील तर उत्तर काढता येतं. टॉवरच्या चार अँटेनांनी सोडलेले चार प्रवाह म्हणजे चार अज्ञात. फोनच्या चार अँटेनांना मिळालेली चार मिश्रणं म्हणजे चार समीकरणं.

पण अट अशी की समीकरणं खरोखर वेगळी हवीत. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १० ही दोन समीकरणं दिसायला दोन, प्रत्यक्षात एकच. त्यातून क्ष आणि य सुटत नाहीत.

समीकरणं वेगळी कशामुळे होतात? तर लहरी वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या दिशांनी आल्यामुळे. म्हणजे ज्या इमारती, भिंती, खांब फेडिंग घडवतात, त्याच मायमोला वाटा देतात. १९९५ ते १९९९ च्या दरम्यान बेल लॅब्जच्या एमरे तेलतार आणि जेरार्ड फॉशिनी यांनी याचं गणित मांडलं: भरपूर वाटा असतील आणि सिग्नल जोरदार असेल, तर क्षमता अँटेनांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, दोघांपैकी ज्याच्याकडे अँटेना कमी, ती संख्या धरायची. नवा पट्टा नाही, जास्त पॉवर नाही, तरी वेग कित्येक पट.

हिंजवडीचं गणित, तलावाकाठचं गणित

आता तेच २० मेगाहर्ट्झ घेऊन मी केलेला हिशोब बघा. हे सैद्धांतिक कमाल आकडे आहेत. प्रत्यक्षात कमीच मिळतं. पण तुलना समजते.

सिग्नल नॉइजच्या १०० पट, म्हणजे जोरदार, असेल तर:

- दोन्हीकडे एकच अँटेना: १३३ एमबीपीएस
- दोन्हीकडे चार अँटेना आणि चार वेगळ्या, सारख्या ताकदीच्या वाटा: ५३३ एमबीपीएस
- दोन्हीकडे चार अँटेना, पण वाट एकच: २१३ एमबीपीएस

दुसरी ओळ म्हणजे आदर्श हिंजवडी. चारी बाजूंनी इमारती, जवळ टॉवर. तिसरी ओळ म्हणजे तलावाच्या काठावरची मोकळी जागा, समोर पलीकडे टॉवर दिसतोय, मध्ये अडथळा नाही. टॉवर फुल्ल दाखवतो, पण वेग त्या मानाने कमी, कारण चारही समीकरणं जवळपास सारखी झाली. खऱ्या टॉवरवर अँटेना दोन वेगळ्या दिशांना तिरक्या ठेवलेल्या जोड्यांनी बसवतात, त्यामुळे मोकळ्या जागेतही सहसा दोन वाटा मिळतात, पण चार मिळणं कठीण. म्हणून लक्षात ठेवा: फोनवरच्या दांड्या सिग्नलची ताकद सांगतात, वाटा किती आहेत ते सांगत नाहीत.

आता सिग्नल अगदी कमजोर घ्या. नॉइजच्या फक्त दहावा हिस्सा, टॉवर लांब:

- एकच अँटेना: पावणेतीन एमबीपीएस
- चार अँटेना, चार सारख्या वाटा: ११ एमबीपीएस
- चार अँटेना, एकच वाट आणि सगळी पॉवर त्याच वाटेवर: साडेसत्तावीस एमबीपीएस

निकाल उलटा झाला! सिग्नल जोरदार असताना चार वाटांमध्ये डेटा वाटणं फायद्याचं होतं. कमजोर असताना सगळी ताकद एकवटून एकाच दिशेला झोत टाकणं फायद्याचं.

याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थच ‘पाणी भरणं’ असा आहे. ओबडधोबड रानात पाऊस कमी पडला की आधी सगळ्यात खोल खड्डा भरतो, बाकीचे कोरडे राहतात. मुसळधार पडला की सगळे भरतात. पॉवर म्हणजे पाऊस आणि वाटा म्हणजे खड्डे. पॉवर कमी असेल तर सगळ्यात चांगल्या वाटेवर ओता, भरपूर असेल तर सगळीकडे. आधुनिक टॉवर आणि फोन हे सतत आपसात ठरवत असतात, सेकंदाला अनेकदा.

हिंजवडीत आणखी एक फायदा आहे. ६४ अँटेनांचा टॉवर एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या दिशांच्या अनेक फोनना झोत टाकू शकतो. माणसं विखुरलेली असतात म्हणून त्यांची समीकरणं आपोआप वेगळी असतात. गर्दी हा तिथला प्रश्न आणि ६४ अँटेना हे त्याचं खरंच चांगलं उत्तर. वाडीवर पाचच फोन असतील तर हा फायदा जवळपास शून्य.

वेग की खात्री?

घाटात गाडी बंद पडली आणि मेसेज पाठवायचाय. चहाच्या टपरीवर युपीआयचं पेमेंट अडकलंय. अशा वेळी ५०० एमबीपीएस कुणाला हवेत? काही किलोबाइट जायचे असतात, पण ते आत्ता आणि नक्की जायचे असतात.

फेडिंगचं नेहमीचं गणित वापरून बघू. एका अँटेनावर सिग्नल सरासरीच्या दहाव्या हिश्शाखाली घसरण्याची शक्यता साधारण ९.५ टक्के. म्हणजे दहा-अकरा वेळा प्रयत्न केला तर एकदा दगा. दोन अँटेना असतील आणि दोघींचं नशीब वेगवेगळं असेल, तर दोघी एकदम घसरण्याची शक्यता ०.९ टक्के, म्हणजे साधारण ११० मध्ये एकदा. चार अँटेना असतील तर १२ हजारांत एकदा! वेग फार वाढला नाही, पण खात्री कुठल्या कुठे गेली.

मग चारही अँटेना वेगासाठी आणि चारही खात्रीसाठी वापरता येतील का? २००३ मध्ये लिझाँग झेंग आणि डेव्हिड त्से यांनी याचं उत्तर दिलं: नाही. दोन्हीकडे चार अँटेना असतील तर सगळं खात्रीकडे वळवल्यावर खात्रीचा अंक १६ येतो. तो जितका मोठा तितका सिग्नल सुधारल्यावर दगा झपाट्याने कमी होतो. आता एका प्रवाहाएवढा वेग मागितला की हा अंक ९ होतो, दोन प्रवाहांना ४, तीन प्रवाहांना १, आणि चारही प्रवाहांचा वेग पिळून काढला की शून्य. पगार तेवढाच, खर्च करायचा की साठवायचा ते ठरवा, असा मामला.

वीतभर तरंगलांबी

आता मुळशीसाठी सगळ्यात अवघड भाग. अँटेनांचं नशीब वेगवेगळं असायला त्यांच्यात साधारण अर्ध्या तरंगलांबीचं अंतर लागतं.

५जीचा मुख्य पट्टा आहे ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, अर्धी म्हणजे सव्वाचार. फोनमध्ये चार अँटेना आरामात मावतात. पण या लहरी डोंगराला वळसा घालण्यात कच्च्या आणि भिंतीतून आत शिरण्यातही कच्च्या.

७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या तरी खाली वाकतात, घरात शिरतात. घाटासाठी याच हव्यात. पण त्यांची अर्धी तरंगलांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. तुमचा फोनच १६ सेंटिमीटरचा! त्यामुळे खालच्या पट्ट्यांवर बहुतेक फोन दोनच अँटेनांनी ऐकतात. शिवाय पट्टाही अरुंद. २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा एकट्या जिओने घेतला, तोही जाण्याला १० आणि येण्याला १० मेगाहर्ट्झ. ३५०० मध्ये मात्र जिओ आणि एअरटेल दोघांकडे १००-१०० मेगाहर्ट्झ आहेत.

म्हणजे जो पट्टा खोऱ्यात पोहोचतो त्यावर अँटेनांची जादू कमी, आणि ज्यावर जादू चालते तो पट्टा खोऱ्यात पोहोचत नाही. ‘६४ अँटेनावालं ५जी’ ही गोष्ट हिंजवडीसाठी लिहिलेली आहे.

डोंगरापुढे अँटेना काय करणार?

फेडिंगवर अँटेना उपाय आहेत, आडोशावर नाहीत. तुमच्या फोनमधल्या चारही अँटेना एकाच डोंगराच्या सावलीत असतात. सगळ्यांचं नशीब एकच. तिथे १२ हजारांत एकदा वगैरे गणित कोसळतं.

त्यावर उपाय म्हणजे अँटेना एकमेकींपासून लांब ठेवणं. काही सेंटिमीटर नाही, काही किलोमीटर. खोऱ्याच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक. एक डोंगराआड गेला तर दुसरा दिसतो. आणि बघा, पॉलराज-कैलाथ यांच्या मूळ पेटंटमध्ये प्रवाह वेगवेगळ्या जागी असलेल्या ट्रान्समीटरवरूनच सोडायची कल्पना होती. पुढे सगळ्या अँटेना एकाच खोक्यात आल्या, कारण ते बसवायला स्वस्त आणि सोपं. शहरात ते चालतंही. सह्याद्रीत मूळ कल्पनाच जास्त लागू पडते.

पावसाबद्दलही दोन शब्द. ७०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झला पाऊस जवळजवळ अडवत नाही. ताम्हिणीचा पाऊससुद्धा नाही. पावसाळ्यात नेट जातं ते बहुधा दुसऱ्या कारणांनी: वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपते, किंवा टॉवरला मागच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा तुटतो. हा दुवा मायक्रोवेव्हचा असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी बरीच वरची असते आणि तिथे मुसळधार पावसाचा खरंच त्रास होतो. म्हणजे फोन आणि टॉवरमधलं सगळं गणित जमलं तरी टॉवरची वीज आणि मागचा दुवा पक्का नसेल तर उपयोग नाही.

सरासरीच्या आड लपलेली माणसं

मी अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी आहे. आमच्या धंद्यात नवशिक्यालाही एक गोष्ट लवकर कळते: सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो हे बघून खूश होऊ नका. सगळ्यात जास्त ताटकळणाऱ्या १ टक्के लोकांना किती वेळ लागतो ते बघा. तक्रारी तिथून येतात.

वायरलेसच्या सिद्धांतातही हेच आहे. क्षमतेचे दोन हिशोब असतात. एक सरासरी क्षमता: चांगल्या-वाईट सगळ्या क्षणांची सरासरी. दुसरी खात्रीची क्षमता: १०० पैकी ९९ वेळा किमान किती मिळेलच. समजा शंभर ठिकाणी चाचणी केली, ९० ठिकाणी ३०० एमबीपीएस आणि १० ठिकाणी शून्य मिळालं. सरासरी आली २७०. बातमी झकास. पण दहा ठिकाणांचा माणूस या आकड्यात दिसतच नाही. आणि ती दहा ठिकाणं दर वेळी तीच असतात, डोंगर काही जागा बदलत नाही.

आता आपले नियम बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. कंपन्यांना २जी ते ५जी कुठे कुठे मिळतं याचे नकाशे आपल्या वेबसाइटवर टाकणं बंधनकारक झालं. आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला बिलात सूट किंवा व्हॅलिडिटी वाढवून द्यावी लागते.

दोन्ही पावलं योग्य दिशेची, पण मुळशीच्या नजरेने बघा. नकाशावरचा रंग सिग्नल पोहोचतो एवढंच सांगतो. वाटा किती, गर्दी किती, दगा किती वेळा, हे तो सांगत नाही. आणि भरपाईचा हिशोब जिल्ह्याचा. पुणे जिल्हा आंबेगावपासून इंदापूरपर्यंत पसरलाय. त्यातल्या एका खोऱ्यातला एकुलता एक टॉवर दोन दिवस बंद पडला तर तो या हिशोबात कुठे दिसणार? ९९.६ टक्के जिल्हे या आकड्याचीही तीच अडचण. हिंजवडीत ५जी आलं की पुणे जिल्ह्यात ५जी आलं.

एक आशेची गोष्ट मात्र सुरू झालीय. जानेवारी २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरायची सोय सुरू केली. गणिताच्या भाषेत ही लांब-लांब ठेवलेल्या अँटेनांचीच युक्ती आहे. खोऱ्याच्या एका बाजूला एका कंपनीचा टॉवर आणि दुसऱ्या बाजूला दुसरीचा असेल, आणि फोनला दोन्ही वापरता आले, तर एकही नवी अँटेना न बसवता दग्याची शक्यता घटते. पण ही सोय सध्या सरकारी निधीतल्या टॉवरपुरती आहे. घाटरस्त्यांवरच्या सगळ्या टॉवरना ती लागू करणं हे ६४ च्या जागी १२८ अँटेना लावण्यापेक्षा जास्त कामाचं ठरेल.

तुम्ही काय करू शकता?

- बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं (आकडे नेहमीच्या कीपॅडवरचेच) की सिग्नलची माहिती उघडते. त्यात सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ८० उत्तम, उणे ११० कमजोर, उणे १२० म्हणजे जेमतेम. कंपनीच्या नकाशात रंग आहे आणि फोनवर उणे १२० दिसतंय, तर स्क्रीनशॉट आणि जागा देऊन तक्रार करा. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ती वजनदार ठरते.
- डोंगराळ भागात सिग्नल अडकला तर फोन वीतभर इकडेतिकडे सरकवून बघा. फेडिंग असेल तर तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर तो आडोसा आहे. मग चढावर किंवा मोकळ्या धारेवर जा. फक्त पावसात कड्याच्या टोकाला नको.
- ५जी सारखं येत-जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तात्पुरतं ४जी करा. फोनची उलथापालथ थांबते, बॅटरीही वाचते.
- घाटात जाण्याआधी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि थोडी रोकड जवळ असू द्या.
- अडचणीत ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नेटवर्क तिथे असेल तर हा कॉल लागतो.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘आमच्या भागात सरासरी इतके एमबीपीएस’ असा आकडा दिला, तर एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या सगळ्यात वाईट पाच टक्के जागांवर किती मिळतं? हा आकडा आज आपल्याला कुणी देत नाही. तो तालुकावार, गाववार जाहीर करायला लावणं ट्रायला शक्य आहे, कारण नकाशे जाहीर करायला त्यांनी लावलेच आहेत. मुळशीसाठी तो आकडा बाहेर आला, तर नवा टॉवर हिंजवडीत हवा की घाटमाथ्यावर, हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.